पुस्तकाचं बारसं

दादाच्या पुस्तकाला नाव मी ठेवायचं, हे त्यानं मला न सांगताच ठरवून टाकलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, पुस्तक त्याचं, म्हणजे मी त्या पुस्तकाची आत्या, असा सरळ हिशेब. मी भिवंडीतल्या शाळेत मराठी शिकवते. उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांच्या चुका काढण्यात गेला. पण ज्या पुस्तकात भाडेपट्ट्याची कलमं, बंदरावरचे खर्च आणि खताच्या मात्रा आहेत, त्याला काय नाव द्यायचं हे मला कुठं ठाऊक? मी तसं म्हटलंही. तर म्हणाला, "मग सरकार तुला पगार कशाचा देतं गं बाय?"

आमच्यात धाकट्या बहिणीला बाय म्हणतात. दादा गेल्यापासून मला तसं म्हणणारी आता एक वहिनीच उरली आहे. पुस्तक माझ्या टेबलावर आहे. छापून आलेलं त्यानं पाहिलं नाही, पण नाव ऐकून गेला. ते नाव मी ठेवलेलं नाही.

आमचं गाव भिवंडीहून दिघाशीच्या अंगाला. कशेळीकडून सुरू झालेली गोदामं रस्ता धरून सरकत सरकत आमच्यापर्यंत आली, तेव्हा सगळ्यांसारखी आमचीही जमीन गेली. कोणी लुटली वगैरे नाही. चांगला भाव आला, सह्या झाल्या, पेढे वाटले. मग घराघरापुढे मोठ्या गाड्या उभ्या राहिल्या, एकाच्या बैलांच्या गोठ्यात जिम निघाली, आणि ज्यांनी कधी दुपारी अंग टेकलं नव्हतं ते पंख्याखाली घोरायला लागले. दादाला मात्र ते जमेना. सकाळी अंघोळ करून पांढरे कपडे घालून तो ओटीवर बसायचा आणि चहा संपेपर्यंतच चिडलेला असायचा. चाळीस-पंचेचाळिशीत माणसाला काहीच करायचं उरू नये, याच्यासारखी शिक्षा नाही असं म्हणायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा, कारण तो राग तो वहिनीच्या आमटीवर काढायचा.

अशात कोणीतरी त्याला सांगितलं की पूर्व आफ्रिकेत जमीन लांब मुदतीच्या भाड्यानं मिळते, नदीकाठ आहे, भात पिकतं, आणि आपले लोक जाऊन करतायत. दोन भागीदार मिळाले. महिन्याभरात दादाचं ठरलं. वहिनीला कळलं ते तो व्हिसाचे फोटो काढून घरी आला तेव्हा. तिनं फोटो पाहिला, चांगला आलाय म्हणाली, आणि आत गेली.

काही वर्षं तो तिकडे होता. गणपतीला यायचा, तेव्हा काळाठिक्कर, खूश आणि बडबडा असायचा. मग एका वर्षी आला तो परत गेलाच नाही. भागीदारांचं बिनसलं, एवढंच आम्हाला सांगितलं. वाळला होता आणि गप्प झाला होता. पण गावात आणि आजूबाजूला गोदामाचा पैसा होता, आणि पैसेवाल्यांना कोणीतरी तीच आफ्रिका दाखवत होतं. रविवारी दादाच्या अंगणात गाड्या लागायच्या. पांढऱ्या बुटांतली माणसं ओटीवर बसून विचारायची, "काका, तिथं एकरी काय पडतं?" दादा आधी टाळायचा. नंतर म्हणाला, एकेकाला काय सांगत बसू, लिहूनच काढतो. ज्याला जायचंय त्यानं डोळे उघडे ठेवून जावं. तो बोलायचा किंवा कागदावर खरडायचा, मी लॅपटॉपवर उतरवून वाक्यं सरळ करायचे. मला मजा येत होती. बहीणभाऊ इतके तास एकत्र बसलो नव्हतो आम्ही, लहानपणीसुद्धा.

अर्धं पुस्तक झालं असेल तेव्हा त्याच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टर त्याच्याऐवजी माझ्याकडे बघून बोलायला लागले, तेव्हा काय ते मला समजलं. दादालाही समजलं असणार. रिक्षात तो फक्त म्हणाला, "चल, आता घाई करायला पायजे. नाव शोध."

नावाबद्दल त्याच्या अटी होत्या. खोटं नको. गिऱ्हाईक बोलवायला दुकानावर लावतात तसलं नको. आणि त्याचे कान शाबूत आहेत तोवर त्याला ते ऐकायला मिळालं पाहिजे. "बारशाला पोर हजर लागतं की न्हाय? तसा बापपन हजर पायजे," असं म्हणून तो हसायचा. मी हसायचे नाही. ते नाव सापडलं की त्याचं काम संपणार होतं, आणि त्याचं काम संपावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. पण तो वाट पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांखालचा भाग रोज थोडा खोल जात होता.

तर मी नावं न्यायला लागले. शाळा सुटली की रिक्षा करायची, ट्रकांच्या रांगेत अडकायचं, आणि अडकल्या अडकल्या नावं काढायची. 'सातासमुद्रापलीकडचं खाचर' असं एक नेलं. दादा म्हणाला, आठवीचा निबंध वाटतो. 'नांगर आणि पासपोर्ट' नेलं, तर म्हणाला, ही एजंटची पाटी झाली. 'एकरी किती?' हे मी चिडून नेलेलं नाव त्याला खूप आवडलं, दिवसभर हसला, पोट धरून हसला आणि दुखलं म्हणून थांबला. मग म्हणाला, "चांगलं हाय, पन त्यात मी न्हाय." वहिनी त्या वेळी त्याला पेज भरवत होती. तिनं दोघांकडेही पाहिलं नाही. चमचा वाटीत बुडवून ती तो हसायचा थांबायची वाट पाहत राहिली.

प्रकाशक ठाण्याचा, तरुण, अतिशय नम्र. त्याच्या नम्रपणानं माझं डोकं फिरायचं. त्यानं नाव स्वतःच ठरवून मुखपृष्ठही पाठवलं होतं: 'परदेशात शेतजमीन: गुंतवणुकीची सुवर्णसंधी', खाली ट्रॅक्टर, मागे उगवता सूर्य. "मॅडम, नाव विकलं गेलं पाहिजे ना," तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, माझ्या भावाची शेती बुडाली, त्याचे भागीदार बोलत नाहीत, आणि तुम्ही सूर्य उगवून बसलात. तो म्हणाला, "मॅडम, ते आतमध्ये राहू दे ना."

आतमध्ये काय आहे हे तोवर मलाही पूर्ण ठाऊक नव्हतं. 'जमीन पाहताना' हे प्रकरण दादा पुढं ढकलत होता. आधी बियाण्याचं झालं, मग मजुरीचं, विम्याचं, पाण्याचं. जमिनीचं आलं की म्हणायचा, उद्या. शेवटी एका सकाळी वहिनी वज्रेश्वरीला देवीला गेली होती, घरात आम्ही दोघंच, तेव्हा म्हणाला, "घे. आज लिव."

त्यानं राबापासून सुरुवात केली. आमच्याकडच्या माणसाला राब सांगावा लागत नाही, पण पुस्तक वाचणाऱ्याला सांगावा लागेल म्हणून मी त्याला थांबवून तेवढं लिहून घेतलं. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर पावसाळ्याआधी झाडांच्या छाटलेल्या फांद्या, शेण, पालापाचोळा पसरायचा आणि पेटवून द्यायचा. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमदार येतं. आमच्या पणजोबांपासून असंच चाललेलं. नदीकाठच्या त्या परक्या जमिनीला याची काही गरज नव्हती. तिथला शेतकी खात्याचा माणूसही तेच सांगत होता. पण राब न भाजता रोप टाकायचं हे दादाच्या मनाला पटेना. तसं केलं तर शेती केल्यासारखी वाटणार नाही, असं त्यानं त्या माणसाला सांगितलं.

नदीपासून थोडा चढ होता, तिथं पाणी साचणार नाही म्हणून शेवटच्या वर्षी त्यानं रोपासाठी तो तुकडा धरला. कडेला बुटकी झाडं होती. भाडेपट्ट्याच्या नकाशावर तो सगळा भाग रिकामा दाखवलेला. त्यानं त्या झाडांच्या फांद्या उतरवल्या, पसरल्या आणि स्वतःच्या हातानं पेटवल्या.

"वास आला ना बाय," तो म्हणाला. "आपल्या घरचा वास. इतक्या लांब. मी तिथं बसून रडलो, इतकं बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी कामावर कोणी आलं नाही. वस्तीतल्या बायका येऊन राखेच्या कडेला बसल्या. भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. दुभाष्यानं दुपारी त्याला सांगितलं की त्यांची लहानगी मुलं गेली की ती त्या चढावर पुरतात. वर दगड ठेवत नाहीत, खूण करत नाहीत. ती झाडं हीच खूण.

मी टाइप करायची थांबले. पुढं तो काय बोलणार ते मला कळलं होतं, आणि त्यानं ते बोलू नये असं मला फार वाटलं.

दादा-वहिनीला एक मुलगी झाली होती. वहिनीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही आमच्याकडेच झालं. मी तेव्हा कॉलेजात होते. आत्या झाले म्हणून हवेत होते. नाव ठरवून ठेवलं होतं आणि कोणाला सांगत नव्हते, कारण ते बारशाला बाळाच्या कानात सांगायचं असतं. मग मागून बायका पाठीत धपाटे घालतात. बाळ बाराव्या दिवसापर्यंत राहिलंच नाही. नाव न ठेवलेलं बाळ म्हणून त्याचं काही करायचं नसतं, असं मोठी माणसं म्हणाली. दादा आणि चुलते कपड्यात गुंडाळून घेऊन गेले, आले, अंघोळी केल्या, आणि घरात पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. नंतर वहिनीला मूल झालं नाही.

"आपल्या शेताच्या बांधाकडेला ऐनाचं झाड होतं बघ," दादा म्हणाला. "पाटाजवळचं. त्याच्या खाली."

ते झाड मला आठवलं. राबासाठी आमच्याकडे ऐनाच्या फांद्या दरवर्षी उतरवतात. सगळे ऐन बोडके दिसायचे, तो एक सोडून. मला वाटायचं, सावलीसाठी ठेवलाय. जमीन विकली तेव्हा तो पडला, आणि त्याच्यावर आता गोदामाची फरशी आहे.

"लिव," तो म्हणाला. "ज्याची सोताची पोर अशी झाडाखाली हाय, त्यानं दुसऱ्याच्या पोरांवर राब भाजला. आनि तेवा त्याला घरचा वास येत होता. असंच लिव. वाक्य सरळ करू नको."

मी लिहिलं. मला दिसत नव्हतं नीट, पण लिहिलं. त्यानंतर तो पीक न काढताच परत आला होता. भागीदारांना कारण सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तरी त्यांना ते कारण वाटलं नसतं. मला म्हणाला, "याच्यात नाव बघ. बाकी सगळं पुस्तक हिशेब हाय, पुस्तक म्हनजे हेच हाय."

नाव माझ्या तोंडात आलेलंच होतं. नकाशावरचा शब्द. मी म्हटलं, "'रिकामी जमीन'." दादानं डोळे मिटले आणि बराच वेळ मान हलवत राहिला. मग डोळे उघडून म्हणाला, "हां. झालं." मला वाटलं खरंच झालं. पण त्यानं माझा हात धरला. "पन तिला सांगितल्याबिगर छापायचं न्हाय. तू सांग. मला व्हायचं न्हाय ते."

त्याच्यावर रागवावं असं त्या क्षणी फार वाटलं. इतक्या वर्षांत नवऱ्याला जे बोलता आलं नाही ते नणंदेनं सांगायचं. पण त्याच्या हातात आता माझं बोट पकडण्याइतकाच जोर उरला होता.

वहिनी वज्रेश्वरीहून आली, प्रसाद ठेवला, साडी बदलली आणि वाल सोलायला बसली. मोड आलेले वाल भिजवून एकेकाचं साल काढायचं, हे आमच्याकडे बायकांचं बोलायचं काम आहे. हात चालू असले की काहीही बोलता येतं. मीही समोर बसले आणि परातीत हात घातला. "वहिनी, दादाच्या पुस्तकात तिचं आलंय," म्हटलं.

"कुनाचं?"

मला काय म्हणावं कळेना. हाक मारायला नावच नव्हतं. "बाळाचं," मी म्हटलं.

ती सोलत राहिली. मी उठून लॅपटॉप आणला आणि ते पान वाचून दाखवलं, राबापासून शेवटपर्यंत. वाचताना मी मान वर केली नाही. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "झाडाखाली?"

"हो."

"पाटाजवळचा ऐन?"

"हो. तुला ठाऊक होतं ना?"

"आता कळतंय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटत होतं, जागा तरी दादानं तेव्हाच सांगितली असेल. दादाला वाटलं असेल आईनं सांगितलं. आईला वाटलं असेल, नकोच सांगायला, पुढचं मूल लांबेल. ती आतल्या खोलीत बाळंतीण म्हणून पडून होती, तिच्या हातातून घेऊन गेले, आणि कुठं ठेवलं हे तिला कोणीही कधी सांगितलं नव्हतं.

"मी भाकरी घेऊन जायची ना शेतावर," वहिनी म्हणाली. "त्यांचं जेवन झालं का मग माझं. त्याच सावलीत बसून जेवायची मी, बाय. वर्षानुवर्षं. बाकीच्या झाडांना सावली नसायची म्हनून."

तिच्या आवाजात काही फरक नव्हता, हातही थांबले नव्हते. मला मात्र रडू आवरेना. तिनं पदर पुढं केला नाही की रडू नको म्हणाली नाही.

मी कसंबसं पुस्तकाच्या नावाचं सांगितलं. 'रिकामी जमीन'.

"रिकामी?" ती म्हणाली. मग परात बाजूला सरकवली. "जमीन इकली तेवा मला इचारलं कोनी? हे दर्यापार गेले, मला इचारलं? माझी पोर माझ्याकडनं घेतली, कुठं नेताय सांगितलं न्हाय, इचारलं न्हाय. तुमी शिकलेली मानसं. झाडं तोडलीत, कुनाला इचारलं? आता पुस्तकात पोर घातलीय, वर नाव पन ठेवलंय. कुनाला इचारून?"

एवढं ती एका दमात कधी बोलल्याचं मला आठवत नाही. दादाच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्याला सगळं ऐकू गेलं असणार. त्याचं कण्हणं थांबलं होतं. थोड्या वेळानं वहिनीनं परात परत ओढली आणि पुन्हा सोलायला लागली, कारण रात्रीच्या जेवणाला बिरडं व्हायचं होतं.

मी नाक पुसलं. मला नाव स्वच्छ दिसत होतं, इतकं की इतके दिवस मी रिक्षात बसून काय शोधत होते याचीच लाज वाटली. ज्याला परदेशात जमीन घ्यायची आहे त्याला याहून उपयोगाचं काही सांगता येणार नव्हतं. आणि माझ्या भावाबद्दल याहून खरंही काही नव्हतं.

"वहिनी," मी म्हटलं, "पुस्तकाला हेच नाव ठेवू का? 'कोणाला विचारलं?'"

"मला काय कळतंय पुस्तकातलं?"

"तरी तुला विचारतेय. तू नाही म्हणालीस तर नाही ठेवायचं. बाळाचंही काढून टाकीन."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी थट्टा करतेय की काय असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, "ठेव." आणि जरा वेळानं, "पोरीचं काढू नको. ऐन कुठला ते पन लिव. कडेचा, पाटाजवळचा, असं."

मी आत गेले. दादा भिंतीकडे तोंड करून होता. मी वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. पाळण्यावर वाकायचा योग मला आयुष्यात आला नाही; त्या दिवशी वाकले ती अशी. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "तिनं ठेवलं?"

"तिनं."

"बरोबर हाय. माझ्यावरच हाय ते." त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही. "तिला हाक मार."

वहिनी दाराशी आली. आत आली नाही. दादानं तिच्याकडे बघून विचारलं, "येतेस? दाखवतो तुला."

प्रकाशकाचं सांगायचं तर त्यानं फार त्रास दिला नाही. नावाखाली बारीक अक्षरात 'परदेशात शेतजमीन घेण्यापूर्वी' असं घालू द्या म्हणाला, ते मी घालू दिलं. मुखपृष्ठावर प्रश्नचिन्ह असलं की लोक पुस्तक उचलत नाहीत, असंही म्हणाला. मी म्हटलं, मी मास्तरीण आहे, चिन्ह राहील. सूर्य गेला, ट्रॅक्टर गेला.

गोदामावर जायचं तर परवानगी लागते. आमचीच जमीन म्हणून काय झालं. गेटवरचा वॉचमन भला माणूस होता. "अंकल, सुपरवायझर से बात कर लो, मैं अपने से नहीं छोड़ सकता," म्हणाला आणि दादाला बसायला स्वतःची खुर्ची दिली. सुपरवायझर पोरगेलाच होता. आजारी माणसाला आपलं जुनं शेत बघायचंय एवढंच मी त्याला सांगितलं. त्यानं आम्हाला पिवळी जाकिटं घालायला लावली, कारण तसा नियम होता. पातळ नेसलेल्या वहिनीवर ते जाकीट, आणि दादाच्या अंगात तर ते झग्यासारखं लोंबत होतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी आम्ही तिघं यावर पोटभर हसलो असतो.

आत छपरापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांच्यावर खोकी, मधल्या गल्ल्यांतून माल उचलणाऱ्या गाड्या पीं पीं करत फिरत होत्या. खाली करडी, गुळगुळीत, एकसारखी फरशी. दादानं माझा दंड धरला होता. तो दारापासून मोजत निघाला. "हितून आपला मधला बांध. हितनं पाट वळायचा." थोडं पुढं गेला, थांबला. "न्हाय. पाट त्या अंगाला." परत फिरला. दुसऱ्या गल्लीत शिरलो. तिथंही तो उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं. डोंगर दिसला असता तर त्याला समजलं असतं, पण भिंतींना खिडक्या नव्हत्या. ज्या शेतात तो अंधारात अनवाणी चालायचा तिथं त्याला उभं कुठं राहावं ते कळत नव्हतं.

"मला वळखता येत न्हाय," तो वहिनीला म्हणाला. "मला वळखताच येत न्हाय गं."

मला वाटलं, आता ती बोलेल. बोलायचा तिला हक्क होता. पण तिनं चपला काढून मांडणीच्या कडेला ठेवल्या आणि दोन खोक्यांच्या मधल्या जागेत जाऊन खाली बसली. तशीच बसून राहिली थोडा वेळ. मग तिनं एक नाव घेतलं. मोठ्यानं नाही; अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला ये म्हणून हाक मारतात, तितक्याच आवाजात. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं परत तीच हाक मारली.

ते मी ठरवलेलं नाव नव्हतं. दादानं माझ्याकडे पाहिलं, मी नाही म्हणून मान हलवली. तो तिच्याजवळ खाली बसायला बघत होता, त्याला बसता येईना, म्हणून मी त्याला धरून बसवलं.

"हे नाव कधी ठेवलंस?" त्यानं विचारलं.

"जन्मली तेवाच," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा एकदा तिला हाक मारली.